उत्सिरातल्या वायूचा माग

उत्तर समुद्रात, नॉर्वेच्या किनाऱ्यापासून सुमारे 250 किलोमीटरवर, स्लाइप्नर नावाचे वायुक्षेत्र आहे. नॉर्स पुराणातल्या ओडिन देवाच्या आठ पायांच्या घोड्याचे हे नाव. क्षेत्राच्या पश्चिम भागात नैसर्गिक वायू भरपूर होता, पण त्यात नऊ टक्क्यांपर्यंत कार्बन डायऑक्साइड मिसळलेला होता आणि युरोपातले गिऱ्हाईक अडीच टक्क्यांच्या वर घ्यायला तयार नव्हते. वायू विकायचा तर आधी तो धुऊन घेणे भाग होते. अशा धुण्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड हवेत सोडून द्यायचा, हा या धंद्यातला जगभरचा रिवाज. त्याबद्दल कुणी कुणाला जाब विचारत नसे.

नॉर्वेने 1991 साली तो विचारला. समुद्रातल्या तेल-वायू उद्योगाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडवर सरकारने कर बसवला. स्लाइप्नरचे उत्पादन सुरू होईपर्यंत हा कर टनाला साधारण 50 डॉलरच्या घरात होता. वर्षाला सुमारे दहा लाख टन वायू हवेत सोडायचा म्हटले, तर रोजचा भुर्दंड दहा लाख क्रोनरच्या आसपास जात होता. स्टॅटऑइल ही तेव्हाची सरकारी तेल कंपनी (आताचे नाव इक्विनॉर). तिच्या अभियंत्यांनी वेगळाच मार्ग काढला. वायू धुण्याची यंत्रणा समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवरच बसवायची आणि निघालेला कार्बन डायऑक्साइड दाबून पुन्हा जमिनीच्या पोटात घालायचा.

त्यासाठी जागाही हाताशी होती. समुद्रतळाखाली, पृष्ठभागापासून आठशे ते हजार मीटर खोलीवर, उत्सिरा नावाचा वाळूचा प्रचंड थर पसरलेला आहे. उत्तर-दक्षिण चारशे किलोमीटरहून लांब आणि स्लाइप्नरपाशी दोनशे मीटरहून जाड. ही वाळू धड दगडसुद्धा झालेली नाही. कणांमध्ये 35 ते 40 टक्के पोकळी आणि त्या पोकळीत खारे पाणी. वर शेकडो मीटर जाडीचे चिकणमातीच्या खडकाचे झाकण. सप्टेंबर 1996 मध्ये या वाळूच्या तळाशी, 1012 मीटर खोलीवर, एका आडव्या विहिरीतून वायू सोडायला सुरुवात झाली. हवामानबदल रोखण्याच्या हेतूने इतक्या मोठ्या प्रमाणावर कार्बन डायऑक्साइड जमिनीखाली साठवण्याचा हा जगातला पहिलाच प्रयोग.

आत घातलेला वायू तिथेच राहिला आहे हे कळणार कसे? त्या काळी हे दाखवून देण्याची सक्ती करणारा कोणताही खास कायदा नव्हता. दाब मोजायचा म्हटले तर विहीर एकच, आणि आणखी विहिरी खणणे म्हणजे खर्चाबरोबर झाकणाला नवी भोके पाडणे. एक किलोमीटर खालचे, तेही ऐंशी मीटर पाण्याच्या खालचे, न खणता बघायचे होते. ती विद्या तेल शोधणाऱ्यांकडे होती आणि ती घडायला तोवर जवळपास नव्वद वर्षे गेली होती.

जर्मनीतल्या ग्योटिंगेनमध्ये 1908 साली लुडगर मिंट्रोप या खाणमोजणीदाराने चार टन वजनाचा पोलादी गोळा चौदा मीटर उंचीवरून जमिनीवर आपटला आणि त्या हादऱ्याच्या लहरी दूर ठेवलेल्या यंत्रावर नोंदवल्या. मातीत लहर हळू धावते, कठीण खडकात वेगाने. पोहोचायला लागलेल्या वेळावरून वाटेत काय आहे ते ताडता येते. माठ घेताना टिचकी मारून कान देण्यातलाच हा प्रकार, पण मिंट्रोपने त्याला आकडे दिले. 1919 मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, 1921 मध्ये ‘सिस्मॉस’ नावाची कंपनी काढली, आणि 1924 मध्ये त्याच्या पथकाने टेक्सासमधला ऑर्चर्ड हा मिठाचा घुमट हुडकून काढला. अशा घुमटांच्या कडेला तेल सापडत असे. त्याच सुमारास अमेरिकेत क्लॅरेन्स कार्चर वेगळ्या वाटेने चालला होता. दूरवर पोहोचलेल्या लहरीऐवजी त्याने खडकाच्या थरावर आदळून परत येणारा प्रतिध्वनी टिपला. 1921 च्या उन्हाळ्यात ओक्लाहोमात त्याने ते करून दाखवले. पुढचे सगळे सिस्मिक सर्वेक्षण या प्रतिध्वनीच्या वाटेनेच गेले.

त्यानंतरची मोठी उडी 1967 ची. टेक्सासमधल्या फ्रेंड्सवूड तेलक्षेत्रावर पहिले त्रिमितीय सर्वेक्षण झाले. तोवर पृथ्वीचे उभे काप मिळत असत, आता ठोकळाच्या ठोकळा मिळू लागला. मग 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला टेक्सासमध्येच एका तेलथरात मुद्दाम आग लावून तेल पातळ करण्याचा प्रयोग चालला असताना एकाच जागेचे त्रिमितीय चित्र तीनदा घेतले गेले: आगीच्या आधी, मध्ये आणि नंतर. खडक तिन्ही वेळा तोच होता, म्हणून चित्रांत जो फरक दिसेल तो आगीचा आणि वायूचा. काळाची चौथी मिती धरून या पद्धतीला ‘फोर-डी’ म्हणू लागले. 1990 च्या दशकात उत्तर समुद्रातल्या गुलफाक्ससारख्या क्षेत्रांत, कुठले तेल निघाले आणि कुठले अडकून राहिले हे पाहायला ती रुळली. थोडक्यात, ही सगळी कारागिरी जमिनीतून काढण्यासाठी घडलेली होती. स्लाइप्नरला ती उलट्या कामाला जुंपली गेली.

योगायोगाने एक गोष्ट आधीच हातात होती. 1994 मध्ये स्लाइप्नरवर एक त्रिमितीय सर्वेक्षण झाले होते. त्याचा रोख उत्सिरावर नव्हता, त्याच्या खूप खालच्या वायुसाठ्यावर होता. पण लहरी वरूनच खाली जातात, त्यामुळे उत्सिराचेही चित्र त्यात आपसूक उतरले होते. वायू घालण्याआधीचे हे एकमेव चित्र. ते नसते तर पुढच्या कुठल्याही चित्राला तुलनेला काही उरले नसते. या कामात पहिले, कोरे चित्र एकदाच काढता येते. वायू आत गेल्यावर ते काढण्याची सोय नाही.

1998 मध्ये युरोपीय आयोगाच्या मदतीने ‘साक्स’ नावाचा प्रकल्प उभा राहिला. स्टॅटऑइलबरोबर ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षण, नेदरलँड्सची टीएनओ आणि इतर देशांच्या संस्था त्यात आल्या. 1999 च्या शरद ऋतूत सर्वेक्षणाचे जहाज पुन्हा स्लाइप्नरवर गेले. तोवर 23 लाख टनांहून अधिक वायू खाली गेला होता.

अशा जहाजाचे काम वरून पाहिले तर कंटाळवाणे वाटेल. मागे किलोमीटरच्या हिशेबात लांब अशा केबली पाण्याखालून ओढल्या जातात आणि त्यांत ठरावीक अंतरावर हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले कान, बसवलेले असतात. जहाजाच्या जवळच एअरगनचा संच असतो. दाबलेली हवा एकदम सुटते, पाण्यात बुडबुडा फुटतो, दणका खाली जातो आणि काही सेकंदांनी पुन्हा तेच. शेतात नांगर धरल्यासारख्या समांतर रेघा मारत जहाज रात्रंदिवस चालते. उत्सिराच्या माथ्यापर्यंत जाऊन परत यायला लहरीला एक सेकंदही लागत नाही. प्रत्येक दणक्यामागे शेकडो हायड्रोफोनांच्या नोंदी, असे हजारो दणके. मग महिनोन्‌महिने संगणकावर त्या जुळवायच्या. त्यातही 1994 चे जहाज वेगळे, केबलींची ठेवण वेगळी, लाटा आणि भरती-ओहोटी वेगळ्या. फोर-डीचे निम्मे कौशल्य हे असे वरवरचे फरक काढून टाकून खरा फरक तेवढा राखण्यात असते.

1999 चे चित्र 1994 च्या शेजारी ठेवले तेव्हा फरक शोधावा लागला नाही. आधीच्या कापात उत्सिराची जागा जवळपास कोरी होती, अधूनमधून फिकट रेघा. नव्या कापात त्याच जागी एकावर एक रचलेले तेजस्वी पट्टे उभे होते, मधून एक धूसर उभी चिमणी गेलेली. पट्टे मोजले तर नऊ. सगळ्यात वरचा थेट झाकणाच्या खाली टेकलेला. तीन वर्षांत वायू दोनशे मीटर चढून छतापर्यंत पोहोचला होता आणि तिथे थांबला होता.

इतका ठळक ठसा उमटण्यामागे वाळूच्या मऊपणाचा हात होता. स्वित्झर्लंडच्या फ्रिट्झ गासमानने 1951 मध्ये एक समीकरण मांडले. सच्छिद्र खडकाच्या पोकळीतला द्रव बदलला तर लहरीचा वेग किती बदलेल, हे त्यावरून काढता येते. कठीण खडकाचा सांगाडाच इतका ताठ असतो की पोकळीत पाणी असो की वायू, लहरीला विशेष फरक पडत नाही. उत्सिराची वाळू भुसभुशीत, तिथे पोकळीतल्या पाण्याचा आधार फार मोलाचा. पाण्याने भरलेल्या या वाळूत लहर सेकंदाला सुमारे 2050 मीटर धावते. पाण्याची जागा कार्बन डायऑक्साइडने घेतली की वेग 1450 मीटरच्या आसपास उतरतो. दहा मीटर जाडीच्या अशा थरातून जाऊन-येऊन लहरीला सुमारे चार मिलिसेकंद उशीर होतो. परिणामी वायूच्या खालचे खडक चित्रात खाली दबल्यासारखे दिसतात. ते प्रत्यक्षात दबलेले नसतात, त्यांचा निरोप उशिरा आलेला असतो. हा उशीर नकाशावर मांडला की वरून वायूची सावली मिळते आणि ती सावली मोजून आत किती वायू असावा याचा अंदाज बांधता येतो.

नऊ पट्ट्यांनी मात्र सगळ्यांना कामाला लावले. वाळूत मातीचे पातळ पदर आहेत हे विहिरींच्या नोंदींवरून माहीत होते. बहुतेक पदर मीटरभर जाडीचे, सर्वांत वरचा तेवढा पाच-सात मीटरचा. इतके पातळ पदर 1994 च्या चित्रात दिसणे शक्यच नव्हते, आणि ते आडवे किती पसरलेले आहेत हेही कुणी सांगू शकत नव्हते. वायूने ते उजळून दाखवले. प्रत्येक पदराखाली तो अडला, आडवा पसरला, कुठे तरी फट सापडली की वर गेला आणि पुढच्या पदराखाली पुन्हा पसरला. स्लाइप्नरच्या इतिहासातली खरी मोलाची गोष्ट हीच म्हणायला हवी. सर्वेक्षण केले होते गळती नाही ना हे बघायला, आणि हाती आली ती खडकाची अशी रचना, जी आधीच्या कुठल्याही साधनाने दिसली नव्हती.

पट्टे दिसण्यात थोडा लहरींच्या गणिताचाही वाटा होता. तीस-चाळीस हर्ट्‌झच्या लहरीला आठ-दहा मीटरहून पातळ थराचा माथा आणि तळ वेगळा दाखवता येत नाही. पण दोन्ही प्रतिध्वनी एकमेकांत मिसळून एकच मोठा होतो आणि थर जसा जाड होत जाईल तसा तो, एका मर्यादेपर्यंत, वाढत जातो. म्हणून दोन-तीन मीटरचा थरही ‘आहे’ एवढे कळते आणि प्रतिध्वनीच्या जोरावरून त्याची जाडी अंदाजता येते. अंदाजच तो. खालच्या थरांबाबत तर अडचण आणखी वाढते, कारण वरच्या वायूने लहर आधीच कमजोर केलेली असते. वर्षे गेली, वायू वाढला, तसे तळचे पट्टे चित्रात फिके पडत गेले. ‘आम्ही घातलेला प्रत्येक टन आम्हाला दिसतो’ असे सिस्मिकच्या जोरावर म्हणता येत नाही, आणि या कामातले चांगले अभ्यासक तसे म्हणतही नाहीत.

यानंतर जहाज वारंवार जात राहिले: 2001, 2002, 2004, 2006, 2008, 2010 आणि पुढेही. शिवाय समुद्रतळावर सिमेंटचे ठोकळे कायमचे ठेवून त्यांवर गुरुत्वाकर्षण मोजले गेले. खारे पाणी हटून हलका वायू आला की तिथले गुरुत्व किंचित घटते, आणि त्यावरून वायूची घनता पडताळता येते. सगळ्यात वरच्या, नवव्या पट्ट्यावर सर्वांचा डोळा होता, कारण झाकणाला भिडलेला तोच. 1999 मध्ये त्याचे छोटे तुकडे दिसत होते. मग ते जुळत गेले आणि झाकणाच्या तळाला असलेल्या एका उंचवट्याच्या धारेने पट्टा उत्तरेकडे झेपावला. संगणकाच्या प्रारूपांनी सांगितले होते त्याहून वेगाने. झाकणाच्या तळाचा नकाशा काही मीटरने जरी चुकला, तरी वायूच्या वाटेचे भाकीत चुकते, हे त्यातून ध्यानात आले. प्रत्येक नव्या चित्राने जुन्या प्रारूपात सुधारणा करायला लावली. 2019 मध्ये इक्विनॉर आणि भागीदारांनी स्लाइप्नरची विदा जगभरच्या संशोधकांना खुली केली. आज भूभौतिकी शिकणारे विद्यार्थी आपापल्या संगणकावर ती नवरंगी चळत उघडून पाहू शकतात. एखाद्या तेल कंपनीच्या तिजोरीतले असे धन सर्वांच्या हाती येणे दुर्मीळ, आणि त्याबद्दल कंपनीचे ऋण मानायलाच हवे.

उत्सिराच्या नावाला एकदा बट्टाही लागला. स्लाइप्नरच्या बऱ्याच उत्तरेला टोर्डिस नावाचे तेलक्षेत्र आहे. तिथले तेलकट सांडपाणी उत्सिरात सोडायचे ठरले. 2008 मध्ये ते पाणी समुद्रतळ फोडून वर आले आणि तळाला खड्डा पडला. चौकशीत निघाले की त्या जागी ज्या उत्सिराच्या भरवशावर विहीर खणली, तो थर तिथे नव्हताच. पर्यावरणवाद्यांनी यावरून रान उठवले आणि ते रास्तच होते. वाळूचा थर चारशे किलोमीटर पसरलेला असला तरी प्रत्येक जागा स्वतंत्र तपासावी लागते. पुढे 2011 मध्ये स्लाइप्नरच्या उत्तरेला 25 किलोमीटरवर समुद्रतळाला तीन किलोमीटर लांबीची एक भेग सापडली आणि हुगिन असे तिचे नाव पडले. तिच्या काठाने जिवाणूंचे पांढरे गालिचे होते, म्हणजे खालून काही तरी झिरपत होते. साठवलेला वायू तिथवर पोहोचलेला नव्हता. तरीही ज्या झाकणावर सगळी भिस्त, त्यात इतकी लांब भेग इतकी वर्षे कुणाच्या नजरेला पडली नव्हती, ही गोष्ट झटकून टाकण्यासारखी नाही.

नॉर्वेच्याच दुसऱ्या प्रकल्पात सिस्मिकची परीक्षा अधिक कडक झाली. बॅरेंट्स समुद्रातल्या स्नोव्हिट क्षेत्रात 2008 पासून सुमारे 2600 मीटर खोलीवर, ट्युबोएन नावाच्या वालुकाश्मात वायू घालू लागले. थोड्याच काळात विहिरीतला दाब अपेक्षेपेक्षा फार वेगाने वाढला. कारण काय असावे? विहिरीच्या तोंडाशी मीठ साचून वाट बुजली असेल, तर ती साफ करता येते. खडकाचा कप्पाच लहान आणि बंद असेल, तर उपाय नाही. 2009 मध्ये चित्र घेऊन ते 2003 च्या चित्राशी ताडले गेले. वाढलेला दाब आणि आत आलेला वायू या दोन्हींनी लहरीत फरक पडतो, पण जवळच्या आणि दूरच्या हायड्रोफोनांवर तो वेगवेगळ्या तऱ्हेने उमटतो. ते धागे सोडवल्यावर दिसले की दाब दूरवर पसरून भिंतींना अडला आहे. कप्पा बंद होता. 2011 मध्ये विहीर वरच्या स्टो नावाच्या थरात उघडली आणि काम सुरळीत चालू लागले. खडकाला तडा जाईल अशा दाबाच्या जवळ पोहोचण्याआधी निर्णय झाला, तो या चित्रामुळे.

अल्जीरियाच्या वाळवंटातल्या इन सालाह प्रकल्पाचे नशीब तसे नव्हते. 2004 ते 2011 या काळात तिथे 38 लाख टन वायू जमिनीत गेला. थर जेमतेम वीस मीटर जाड, खोली 1.9 किलोमीटर. पहिला इशारा आला तो उपग्रहाच्या रडारकडून. विहिरींच्या आसपासची जमीन वर्षाला काही मिलिमीटर वर उचलली जात होती, आणि एका विहिरीपाशी तर दोन समांतर उंचवटे होते. खाली उभी भेग उघडली की वर असा दुहेरी फुगवटा येतो. 2009 च्या त्रिमितीय सर्वेक्षणात त्याच जागी रेघेसारखी खूण दिसली. 2011 मध्ये वायू घालणे थांबवण्यात आले. वाळवंटात सर्वेक्षण महाग आणि वाळूतला गोंगाट फार, त्यामुळे सिस्मिक तिथे उशिरा आले. आकाशातून पाहणारा डोळा आणि जमिनीखाली ऐकणारा कान एकत्र काम करू लागले तेव्हाच चित्र पुरे झाले.

जपानमध्ये निसर्गानेच परीक्षा घेतली. नागाओका इथे 10,400 टन वायू घालण्याचा छोटा प्रयोग सुरू असताना 23 ऑक्टोबर 2004 रोजी तिथून सुमारे वीस किलोमीटरवर 6.8 तीव्रतेचा चुएत्सू भूकंप झाला. यंत्रणा आपोआप थांबली. एका विहिरीतून लहर सोडून दुसरीत ती ऐकायची, या पद्धतीने आणि इतर मोजण्यांनी तपासणी झाली. वायू जागचा हलला नव्हता. काम पुन्हा सुरू झाले.

कॅनडातल्या वेबर्न तेलक्षेत्राची गोष्ट भूभौतिकीइतकीच शेजारधर्माची आहे. अमेरिकेच्या नॉर्थ डकोटा राज्यातल्या कोळसा-वायू कारखान्यातून तीनशे किलोमीटरहून लांब नळाने आलेला कार्बन डायऑक्साइड 2000 सालापासून तिथे तेल ढकलायला वापरला जातो. 2011 च्या जानेवारीत जवळच्या एका शेतकरी कुटुंबाने आपल्या शेतात वायू फुटून येतो आहे असे जाहीर केले. सिस्मिक चित्रांत वायू खोल थरातच दिसत होता. पण ज्याच्या डबक्यात बुडबुडे येतात त्याला रंगीत नकाशाने समाधान कसे वाटावे? शेवटी मातीतल्या वायूची समस्थानिके आणि ऑक्सिजनशी असलेले त्याचे प्रमाण तपासले गेले. तो मातीतल्या मुळांच्या आणि जिवाणूंच्या श्वसनाचा वायू निघाला. त्या कुटुंबाने प्रश्न विचारला हे बरेच झाले. मातीची आधीची मोजणी आणि रासायनिक तपासणी यांना लहरींच्या जोडीने जागा मिळाली ती अशा प्रश्नांमुळे.

2009 मध्ये युरोपीय संघाने भूगर्भातील साठवणीचा कायदा केला. साठ्यावर पाळत ठेवणे आणि प्रारूपाशी ताळा घेत राहणे त्यात बंधनकारक झाले. स्लाइप्नरला जे स्वेच्छेने सुरू झाले होते, ते आता नियमात आले.

जहाजाचा खर्च आणि दणक्यांचा त्रास मात्र कायम आहे. एअरगनच्या आवाजाने मासे आणि देवमासे बिथरतात, आणि सर्वेक्षणाच्या काळात त्या पट्ट्यात जाळी टाकता येत नाहीत. पालघर-मुंबईच्या मच्छीमारांना हे वेगळे सांगायला नको. यावर ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात, ऑटवे इथल्या कुरणांमध्ये, वेगळी वाट शोधली गेली. जमिनीत चार मीटर खोल जिओफोन कायमचे पुरून ठेवले. वरच्या गाईगुरांचा, वाऱ्याचा आणि पावसाचा आवाज त्यामुळे कमी झाला. 2015-16 मध्ये दीड किलोमीटर खोलीवर 15,000 टन वायू सोडला, आणि त्यातले पहिले 5,000 टन गेल्यावरच तो चित्रात दिसू लागला. पुढच्या टप्प्यात विहिरींमध्ये प्रकाशतंतूच्या केबली उतरवल्या. तंतूत प्रकाशाचे झटके सोडायचे आणि लहर आल्यावर तंतूला जो सूक्ष्म ताण बसतो तो परतणाऱ्या प्रकाशात वाचायचा. म्हणजे दीड किलोमीटरची केबल पूर्णच कान होते. जमिनीवर छोटी विजेवर फिरणारी कंपनयंत्रे कायमची बसवली. जहाज नको, ट्रक नको. एक कळ दाबली की दर दोन दिवसांनी नवे चित्र मिळू लागले.

महाराष्ट्राशी या विषयाचा संबंध दोन बाजूंनी येतो. पहिली बाजू समुद्राची. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे 160 किलोमीटरवरचे बॉम्बे हाय हे 1960 च्या दशकात सोव्हिएत जहाजाच्या सिस्मिक सर्वेक्षणातूनच नकाशावर आले. 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ने तिथे विहीर खणली आणि तेल लागले. आता ही जुनी क्षेत्रे उतरणीला लागली आहेत आणि रित्या होणाऱ्या अशा थरांचा साठवणीसाठी विचार होणारच. तिथला मुख्य थर चुनखडकाचा आहे. चुनखडक ताठ, गासमानच्या हिशेबाने तो वायूला फारशी दाद देणार नाही. उत्सिरासारखी झगझगीत चळत अरबी समुद्राखाली दिसेल अशी आशा धरू नये. पण वेबर्नचा थरही चुनखडकाचाच, तीस मीटरहून कमी जाडीचा, आणि तिथे काळजीपूर्वक घेतलेल्या फोर-डी चित्रांत वायूची वाट दिसली आहे. बॉम्बे हायला धडा घ्यायचा तर तो स्लाइप्नरपेक्षा वेबर्नचा.

दुसरी बाजू पायाखालच्या काळ्या कातळाची. बेसॉल्टमधल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोहाशी कार्बन डायऑक्साइडची प्रक्रिया होऊन त्याचे खनिज बनते. आइसलँडच्या कार्बफिक्स प्रकल्पात 2012 मध्ये पाण्यात विरघळवून घातलेल्या वायूपैकी 95 टक्क्यांहून अधिक वायू दोन वर्षांच्या आत दगड झाला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने दख्खनच्या बेसॉल्टचा या अंगाने अभ्यास केला आहे. हे पठार मात्र सिस्मिकला अवघड आहे. लाव्ह्याचे एकावर एक प्रवाह, प्रत्येकाचा माथा जाळीदार, पोट घट्ट. लहर प्रत्येक सांध्यावर विखुरते आणि खालून येणारा प्रतिध्वनी त्या गोंधळात हरवतो. कोयनेच्या परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी खणलेल्या पहिल्या खोल विहिरीत 933 मीटर बेसॉल्ट लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट. ही जाडी विहिरीने सांगितली. शिवाय वायू पाण्यात विरघळलेला असेल किंवा दगड झालेला असेल, तर लहरीचा वेग बदलायला पोकळीत वेगळे असे काही उरतच नाही.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, वालुला इथे, 2013 मध्ये कोलंबिया नदीच्या बेसॉल्टमध्ये 977 टन कार्बन डायऑक्साइड सोडण्यात आला. दोन वर्षांनी विहिरीच्या भिंतीतून दगडाचे छोटे नमुने कापून काढले, तेव्हा बेसॉल्टच्या पोकळ्यांमध्ये अँकेराइट या कार्बोनेट खनिजाच्या गाठी भरलेल्या होत्या आणि त्यांतल्या कार्बनची समस्थानिके घातलेल्या वायूशी जुळत होती. दख्खनमध्ये असा प्रयोग झाला तर पुराव्याचा मोठा भार अशा नमुन्यांवर आणि झऱ्या-विहिरींच्या पाण्याच्या तपासणीवर राहील. सिस्मिककडे काम उरेल ते खालचा खडक करकरू लागला का हे ऐकण्याचे. कोयनेच्या खोऱ्यात, 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपाला कारण ठरलेल्या प्रस्तरभंगाभोवती, भूकंपमापकांचे दाट जाळे हे काम आजही करतेच आहे.